आमचे कान रिकामे नाहीत

अंधांसाठी आवाजाची उपकरणं बनवणाऱ्या अभियंत्यांना, संशोधकांना आणि रचनाकारांना,

सस्नेह नमस्कार.

गेल्या काही वर्षांत तुमच्यासारख्या मंडळींनी बनवलेली बरीच उपकरणं मी वापरून पाहिली आहेत. चष्म्यात बसवलेला कॅमेरा, कपाळावरचा पट्टा, काठीच्या मुठीतला सेन्सर, गळ्यात अडकवायची डबी. दाखवणारा माणूस दर वेळी मनापासून बोलत असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या तोंडून एक वाक्य निघतंच: तुम्हाला दिसत नाही, पण ऐकू तर उत्तम येतं, मग डोळ्यांचं काम कानांना देऊन टाकू. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. कान मोकळेच बसले आहेत, त्यांना आणखी एक काम दिलं तर बिघडलं कुठे, असं त्यात धरून चाललेलं असतं. मी जन्मापासून अंध आहे, अंध मुलांना आणि मोठ्यांना एकट्यानं चालायला शिकवते, आणि माझे कान सकाळी जाग आल्यापासून कामावर असतात.

ते काय काम करतात, हे आधी सांगते. एखाद्या इमारतीतल्या लांब व्हरांड्यातून मी चालते आहे असं समजा. दोन्ही बाजूंना भिंती असतात तोवर पावलांचा आवाज अंगाजवळ, आवळलेला राहतो. डावीकडे उघडं दार आलं की त्या बाजूचा आवाज एकदम सैल पडतो. आतली खोली रिकामी असली तर तो आत घुमतो. पडदे, गाद्या, कापडचोपड असलं तर आत जातो आणि परत येत नाही. समोर भिंत जवळ आली की पावलाच्या आवाजाला धार चढते. जिना आला की डोक्यावरची पोकळी ऐकू येते. बाहेर पडल्यावर खांबाआडून जाताना रस्त्याचा आवाज पाऊलभर झाकला जातो. आवाजालाही सावली असते, आणि त्या सावलीच्या रुंदीवरून खांब किती जाड आहे याचा अंदाज येतो. यातलं काहीही मी मोजत नाही. तुम्ही खोलीत शिरताच खोली केवढी आहे हे मोजत बसत नाही, तसंच.

मराठीत यासाठी ‘चाहूल’ हा सुंदर शब्द आहे. कुणी नाव घेऊन हाक मारलेली नसते, तरी कळतं. चाहूल लागायला आजूबाजूचं बारीकसारीक ऐकू यावं लागतं, आणि पहिला बळी जातो तो नेमका त्या बारीकसारीक आवाजांचा, तुमचं उपकरण कानात बोलू लागलं की.

एका चाचणीत मला कान पूर्ण झाकणारे हेडफोन दिले होते. उपकरण समोरच्या वस्तू ओळखून सांगत होतं: दार, खुर्ची, माणूस, माणूस, खुर्ची. ओळख अचूक होती, हे मी आजही मान्य करते. पण चार पावलांत माझी खोली नाहीशी झाली. भिंती गेल्या, छत गेलं, मागे कोण उभं आहे ते गेलं; उरली फक्त नावांची यादी. मग आम्ही बाहेर आवारात गेलो आणि उजवीकडून आलेली सायकल मला धडकली. कोपर सोलवटलं, सायकलवरचा मुलगा पडला. एरवी तिच्या साखळीची करकर मी वीस पावलांवरून ऐकली असती. त्या गटातल्या तरुण अभियंत्यानं नंतर नोंदी तपासल्या. उपकरणानं सायकल वेळेवर ओळखली होती, पण ‘सायकल’ हा शब्द ‘खुर्ची’च्या मागे रांगेत उभा होता. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. त्याच्यावर माझा राग नाही. पण जग एका वेळी एकच शब्द सांगून समजत नसतं, हे त्या दिवशी त्याला कळलं. तुम्हालाही ते कळावं, आणि त्यासाठी कुणाचं कोपर सोलवटायला लागू नये.

आमच्या या ऐकण्याचा इतिहास थोडा सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचं आहे. १७४९ मध्ये फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी एका अंध माणसाबद्दल लिहिलं, की त्याला समोरची वस्तू किती जवळ आहे हे चेहऱ्यावर लागणाऱ्या हवेवरून कळतं. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं हाच समज टिकून राहिला, आणि या क्षमतेला ‘चेहऱ्याची दृष्टी’ असं नाव पडलं. कित्येक अंध माणसंही छातीठोकपणे सांगत, की भिंत गालाला जाणवते. खरं सांगायचं तर मलाही कधी कधी ती कपाळावर जाणवते, अजूनही.

मग १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकेल सुपा, मिल्टन कॉटझिन आणि कार्ल डॅलनबाख यांनी याचा छडा लावला. दोन अंध आणि दोन डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस माणसं त्यांनी एका फळीच्या दिशेनं चालायला लावली. चेहरा आणि हात जाड आवरणानं झाकले, तरी फळी आल्याचं त्यांना कळत होतं. कान बंद केले, आणि माणसं फळीवर आदळू लागली. शेवटचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. त्यात प्रयोग करणारा मायक्रोफोन घेऊन चालत होता आणि ऐकणारा दुसऱ्या, आवाजबंद खोलीत बसून त्याची पावलं टेलिफोनच्या रिसीव्हरमधून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्याला ना फळी ना हवा, तरीही समोर अडथळा आल्याचं त्याला सांगता आलं. त्याच वर्षी वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या डोनल्ड ग्रिफिन यांनी पडसादावरून जागा ओळखण्याच्या या क्षमतेला ‘एकोलोकेशन’ हे नाव दिलं, आणि त्या लेखात वटवाघळांच्या आणि रडारच्या शेजारी अंध माणसांना बसवलं.

या तिघांपैकी मायकेल सुपा स्वतः अंध होते. तुमच्या गटात असं कुणी आहे का, हे मी प्रत्येक बैठकीत विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं की चाचणीच्या टप्प्यावर आम्ही अंधांना बोलावणार आहोत. म्हणजे आकार ठरला, आवाज ठरले, पैसे खर्च झाले, आणि मग आम्ही ‘बरं आहे’ म्हणायला यायचं. आमची गरज आहे ती पहिल्या कागदावर रेघ ओढली जाते तेव्हा.

आता थोडं मोजमाप, तुमच्या भाषेत. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीचा पडसाद साधारण ६ मिलिसेकंदांत परत येतो, अर्ध्या मीटरवरचा ३ मिलिसेकंदांत. इतक्या जवळ आलेले दोन आवाज डोळस माणसाचा मेंदू एकच समजून टाकतो. सरावलेला अंध माणूस त्यांतला फरक ऐकायला शिकतो. जीभ टाळूला लावून झटक्यात सोडली की जी ‘टक्’ निघते, ती या कामातली तयार माणसं कशी काढतात हे इंग्लंडमधल्या डरम विद्यापीठातल्या लोरे थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं आहे. ती ‘टक्’ जेमतेम ३ मिलिसेकंदांची असते. अर्ध्या मीटरवरून पडसाद परतेपर्यंत ती संपलेली असते, त्यामुळे तो तिच्याखाली दबत नाही. तिचा मुख्य भर २ ते ४ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांवर असतो आणि आणखी एक कंगोरा १० किलोहर्ट्झच्या आसपास. हे कुणी त्यांना आकडे देऊन शिकवलेलं नव्हतं. जगाशी खेळता खेळता जिभेनं स्वतःच ते शोधून काढलं.

उंच पट्टी का लागते, तेही पाहा. १ किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते, ती बारीक खांबाला वळसा घालून निघून जाते. १० किलोहर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरची. ती खांबावर आपटून परत येते. म्हणून हेडफोननं किंवा कानात घट्ट बसणाऱ्या बोंड्यानं वरच्या पट्ट्या कापल्या की मोठ्या भिंती कशाबशा उरतात, पण खांब, खुर्चीची पाठ, अर्धवट उघडं दार जातं. तुमच्या दृष्टीनं तो आवाजातला किरकोळ बदल असतो. माझ्या दृष्टीनं त्यात माझ्या कपाळाचा प्रश्न असतो. हाडातून आवाज पोचवणारे, कानाचं छिद्र मोकळं ठेवणारे हेडफोन आता सहज मिळतात. अंधांसाठीच्या उपकरणाची सुरुवात तिथून व्हायला हवी. अर्थात कान उघडे ठेवले म्हणजे सगळं झालं असं नाही. त्यातूनही अखंड बडबड चालली तर मन व्यापलं जातंच.

आणि इथे श्रवणयंत्रं बनवणाऱ्यांनाही दोन शब्द. अंध माणसं म्हातारी होतात, आणि वय वाढलं की आधी उंच पट्ट्यांचं ऐकणं जातं. माझ्याकडे येणारे काही वृद्ध सांगतात, की बोलणं ऐकू येतं पण भिंती ‘गेल्या’. श्रवणयंत्रं प्रामुख्यानं बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून घडवलेली असतात. गोंगाट दाबताना ती आमचे पडसादही दाबतात, कारण यंत्राच्या हिशेबात पडसाद म्हणजे कचरा. चालण्यासाठी वेगळी सेटिंग द्या. डोळस माणसाला तिची गरज वाटणार नाही, म्हणून ती कुणी मागितली नसेल. मी मागते आहे.

लहानपणी मी जिभेनं टक्-टक् करायचे आणि मोठी माणसं दटावायची. आपल्याकडे चुकचुकणं म्हणजे कुणाची तरी कीव करणं, त्यामुळे ते ऐकायला वाईट दिसतं असं त्यांना वाटे. मी मोठ्यानं करायचं सोडलं आणि पुढची अनेक वर्षं माझं जग आखडून गेलं. पुढे डॅनिएल किश यांच्याबद्दल कळलं. डोळ्यांच्या कर्करोगामुळे वर्षभराचे असतानाच त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले, ते याच टक्-टकीच्या भरवशावर सायकल चालवतात, आणि जगभरच्या अंध मुलांना त्यांनी ही विद्या शिकवली आहे. ते कळल्यावर मी एका रिकाम्या सभागृहात जाऊन खूप वेळ नुसती टक्-टक् करत उभी राहिले. सगळ्या भिंती परत आल्या. त्या दिवशीचं रडणं मला अजून आठवतं.

तुमच्या कामाबद्दल मला आदर नाही असं समजू नका. तो आहे, आणि तो जुना आहे. १९१०च्या दशकात फूर्निये डाल्ब यांनी प्रकाशाचा आवाज करणारं ऑप्टोफोन बनवलं. छापील अक्षरांवरून ते फिरवलं की प्रत्येक अक्षराचे वेगळे सूर उमटत. मेरी जेमसन नावाच्या अंध बाईंनी १९१८ मध्ये त्यावर जाहीर वाचन करून दाखवलं. तेव्हा मिनिटाला जेमतेम एक शब्द वाचून होत होता. यंत्रात सुधारणा होत गेल्या, बाईंनी सराव सोडला नाही, आणि पुढे त्या मिनिटाला साठ शब्दांपर्यंत पोचल्या. १९६०च्या दशकात लेस्ली के यांनी मानवी कानापलीकडचे आवाज सोडणारी ‘टॉर्च’ केली: वस्तू जितकी दूर तितका सूर उंच, आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत हे सुराच्या पोतावरून कळे. १९९२ मध्ये पीटर मेयर यांनी ‘व्हॉइस’ची पद्धत मांडली. तिच्यात कॅमेऱ्यातलं चित्र डावीकडून उजवीकडे साधारण सेकंदाभरात वाचलं जातं. वर असेल ते उंच सुरात, खाली असेल ते खर्जात, उजळ ते मोठ्यानं आणि अंधारं ते हळू. उजवीकडे वर जाणारी तिरपी रेघ म्हणजे चढत जाणारा सूर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते निव्वळ खरखर वाटलं. पण तासन् तास शिकल्यावर जन्मांध माणसं त्या खरखरीतून अक्षरं, चेहऱ्यांचे आकार, माणसाची बसण्या-उभं राहण्याची ढब ओळखू शकली आहेत. आकाशाच्या कडेवर डोंगराची रेघ कशी असते हे मला असंच पहिल्यांदा ऐकायला मिळालं. जिभेची टक्-टक् ते कधीच देऊ शकणार नव्हती. तेव्हा चित्राचा आवाज करण्याला माझा विरोध नाही. तो कुठे आणि केव्हा, एवढाच प्रश्न आहे. स्वस्थ बसून चित्र ऐकायला मी तास न् तास देईन. रस्ता ओलांडताना तेच माझ्या कानात चालू ठेवू नका.

पडसादालाही मर्यादा आहेत. समोरचा खड्डा, उतरती पायरी, फलाटाची कड पडसाद विश्वासानं सांगत नाही. मोठ्या पावसात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तो बुडून जातो. त्यासाठी पांढरी काठी आहे आणि ती राहील. तुमच्या यंत्राला खरी जागा आहे ती या दोहोंच्या मधल्या फटीत: डोक्याच्या उंचीवर आडवी आलेली फांदी, जी काठीला लागत नाही आणि बारीक असली तर पडसादही देत नाही, दूरच्या पाटीवरची अक्षरं, मोकळ्या मैदानात नेमकी दिशा, जिथे पडसाद द्यायला काहीच नसतं. तिथे एखादा सूर ठरावीक दिशेतून हलका वाजत राहिला, आणि मी त्याच्याकडे तोंड करून चालले, की मला तुमचे पाय धरावेसे वाटतात. बाकी वेळ यंत्रानं गप्प राहावं. विचारल्यावर सांगावं, धोका असला तरच मध्ये बोलावं, आणि ‘डावीकडे तीन मीटरवर अडथळा आहे’ असं लांबलचक वाक्य म्हणण्याऐवजी डावीकडूनच एक टिचकी वाजवावी. दिशा कळायला शब्द लागत नाहीत. उजव्या आणि डाव्या कानाशी पोचायला आवाजाला जो वेळेचा फरक पडतो तो जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा, आणि आपला मेंदू त्याच्याही बारीक अंशावरून दिशा ठरवतो. एवढं हत्यार आमच्याकडे तयार असताना ते न वापरता आम्हाला वाक्यं ऐकवली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिकवण्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. लोरे थेलर यांच्याच गटानं २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ अंध आणि १४ डोळस माणसांना १० आठवड्यांत २० सत्रं घेऊन जिभेच्या टक्-टकीनं वावरायला शिकवलं. वयं २१ पासून ७९ पर्यंत. म्हातारी माणसंही शिकली. ३ महिन्यांनी विचारलं तेव्हा अंधांपैकी ८३ टक्के म्हणाले की त्यांचं स्वावलंबन आणि एकूण बरं वाटणं वाढलं आहे. यात यंत्र एकही नव्हतं. होता तो शिकवणारा, वेळ आणि सराव. त्याआधी, २०११ मध्ये, या विद्येत तयार झालेल्या दोन अंध माणसांच्या मेंदूचं चित्रण झालं होतं. पडसाद ऐकताना त्यांच्या मेंदूचा जो भाग एरवी पाहण्याचं काम करतो, तो जागा झालेला दिसला. म्हणजे जागा आहे, तार जुळते, फक्त शिकवायला माणूस हवा.

आणि तुम्ही काय करता? उपकरणासोबत एक पुस्तिका देता, ध्वनिफितीत अर्ध्या तासाची ओळख देता, आणि महिन्याभरानं ते कपाटात गेलं की ‘वापरकर्त्यांनी स्वीकारलं नाही’ असं लिहिता. माझ्या ओळखीच्या कपाटांत अशी चांगली उपकरणं आहेत. त्यांतलं एक मी दीड वर्ष घासून शिकले, ते माझ्या हाताचा भाग झालं, आणि मग ते बनवणाऱ्यांनी काम थांबवलं. एक बटण बिघडलं, दुरुस्ती नाही. मेंदूनं नवी भाषा शिकायची आणि ती बोलणारं यंत्रच मरून जायचं, याचं दुःख तुमच्या हिशेबाच्या वहीत कुठे मांडलेलं नसतं. बंद करायचंच असेल तर आराखडा आणि प्रणाली मोकळी करा, दुसरं कुणी ते जिवंत ठेवील.

डोळस माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेल्या चाचण्यांवर सगळं ठरवू नका, अशीही कळकळीची विनंती. पट्टी बांधलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला पडसाद ऐकू येत नसतात, म्हणून कानात बोलणारं कोणतंही यंत्र त्याला देवदूत वाटतं. तो जे गमावतो आहे ते त्याच्याकडे मुळात नव्हतंच. तेच यंत्र माझं काय हिरावून घेतं हे त्याच्याकडून कळायचं नाही.

ज्यांच्या हातात गाड्यांचे आवाज आहेत त्यांच्यासाठी थोडंसं. विजेच्या गाड्या हळू चालताना जवळजवळ निःशब्द असतात. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानं ताशी २० किलोमीटरपर्यंत अशा गाडीनं आवाज करावा आणि वेगाबरोबर त्याची पट्टी बदलावी, असं ठरवलं, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वेग वाढला की सूर चढतो, त्यामुळे गाडी निघते आहे की थांबते आहे ते कळतं. पण उभ्या गाडीनंही आवाज करायलाच हवा, असं तो नियम म्हणत नाही. रस्ता ओलांडायला पाऊल टाकण्याआधी मला जी गाडी ऐकायची असते ती नेमकी उभी असते. आणि तो आवाज अंतराळातल्या संगीतासारखा नको, गाडीसारखा हवा. कुठून येतो ते चटकन कळावं, म्हणून त्यात खरखर असू द्या. शुद्ध, गुळगुळीत सुराची दिशा ओळखणं फार कठीण जातं.

तुमच्यापैकी ज्यांना पटलं असेल त्यांनी पुढच्या उपकरणाचं काम सुरू करण्याआधी एक दिवस माझ्या वर्गात यावं. पहिले दोन तास यंत्र पिशवीतच राहील. आम्ही एका खोलीत उभे राहू, मी एक पुठ्ठा तुमच्या चेहऱ्यासमोर धरीन आणि काढीन, आणि तुम्ही तोंडानं ‘स्स्स’ असा आवाज धरून ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत, डोळे मिटलेले असतानाही, पुठ्ठा केव्हा आला ते तुम्हाला कळू लागेल, बहुतेकांना कळतं. मग माझे विद्यार्थी तुम्हाला व्हरांड्यात नेतील आणि उघडी दारं मोजायला सांगतील. त्यानंतर पिशवी उघडू.

आपली,
एक अंध चाल-शिक्षिका